लोणा

नबीलाल मिस्त्रीने बोटाच्या पेराने भिंत वाजवली,
बाजारात माठ वाजवून घ्यावा तशी,
आणि म्हणाला, "बद्द."
दोन पावलं सरकून पुन्हा. "बद्द."
वेदीपासून घंटेच्या दोरीपर्यंत
आमचं देऊळ असं बद्द वाजत गेलं
आणि मी लिहीत गेले,
कारण कमिटीने वही माझ्याकडे दिली होती.

देऊळच म्हणतो आम्ही, शरणपुरातली जुनी माणसं.
चर्च म्हणतात रिक्षावाले.

दगडाला काही झालं नव्हतं. दुखणं दरजांत होतं.
फाल्गुनात गारा पडल्या तेव्हा सगळे द्राक्षांविषयी बोलत होते,
बरोबरच होतं त्यांचं.
इथे एकशे बारा कौलं फुटली
आणि उत्तरेच्या खिडकीतली निळी काच,
मेंढपाळाच्या पायाशी जे पाणी होतं ते,
चटईवर पडलेली सापडली.
त्या भोकातून मग खरं पाणी येऊ लागलं.
पूर्वी महिनाभर पुरवून पडणारा पाऊस
आता एका रात्रीत उरकून टाकतो,
वर आठ दिवस कडक ऊन.
की भिंतीच्या पायथ्याशी पांढरं फुलतं.
मी बोट लावून चाटलं. खारट.

"लोणा," मिस्त्री म्हणाला.
"आतलं पाणी बाहेर यायला बघतंय. सिमेंट सोडत नाही.
मग ते आतल्या आत चुना खातं."

सिमेंट.
दाराशी संगमरवरी पाटी आहे:
जीर्णोद्धार, सन १९८७,
खजिनदार श्री. शद्रख यशवंत ओहोळ यांच्या परिश्रमाने.
द्वारकेपासून देवळालीपर्यंत सायकल मारून
पाच-पाच रुपयांच्या पावत्या फाडल्या त्यांनी.
आईची एक बांगडी त्यात गेली, तिची पावती नाही.
एकशे चाळीस गोणी.
काम संपल्यावर हात धूत म्हणाले,
आता शंभर वर्षं बघायला नको.
आणि खरंच कोणी बघितलं नाही.

मिस्त्रीला मी हे सांगितलं नव्हतं.
छिन्नी लागली तसं सिमेंट फळ्याफळ्यांनी उतरलं,
मागून ओल्या वळचणीसारखा वास.
तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत,
ढिगातल्या एका ढलपीवर चार लहान बोटं दिसली.
सात वर्षांची होते. गिलावा ओला होता,
कोणी बघत नव्हतं.
वडिलांनी त्याच बोटांवर पट्टी मारली होती
आणि रात्री त्यांनाच खोबरेल लावलं होतं.

ढलपी मी पिशवीत टाकली. मिस्त्रीने बघितलं.
"पाटीवरचे कोण?"
"वडील."
त्याने छिन्नी पँटला पुसली.
"आमच्या अब्बांनीही लावलंय खूप.
तेव्हा गोणी मिळाली की लोक पेढे वाटायचे."

आता आवारात घाणी फिरते.
चुना, वाळू, हिरड्याचं पाणी, बेलफळ, गूळ.
गुळाला मुंगळे लागतात, पाळकसाहेब वैतागतात.
कमिटीला सगळं नाताळच्या आत हवंय.
मिस्त्री म्हणतो, चुन्याला नाताळ कळत नाही,
ईदही कळत नाही. यंदा एकच भिंत.
रविवारी आम्ही सतरा जण ताडपत्रीखाली बसतो,
पेटीचा एक सूर दमटपणाने चिकटलाय,
प्रत्येक गीतात तो न बोलावता येतो.

माझं काम सोपं आहे.
नव्या भिंतीवरच्या पोत्यांना दिवसातून तीनदा पाणी,
एकवीस दिवस.
झारीत उरतं ते घेऊन मी मागे जाते.
वडिलांची कबर तिथे आहे,
त्यांनीच सांगून ठेवलं होतं, सिमेंटची.
एकही तडा नाही तिला.
ओतलेलं पाणी वरच थांबतं,
कुठे जावं ते न कळल्यासारखं.
मी तळहाताने ते कडेला सारते,
मातीच्या बाजूला.
माती लगेच घेते.